मागच्या दोन खोल्यांचा दावा

माझे बाबा साकोलीला पोस्टमन होते. आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो, ज्यांना मी मोठेबाबा म्हणायची, त्यांच्यावर बाबांनी भंडाऱ्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तो साडेचार वर्षं चालला. या साडेचार वर्षांत दोन्ही घरांचं अंगण एक होतं, विहीर एक होती आणि आईच्या हातचा आंबाडीच्या भाजीचा वाडगा समोरच्या घरात जायचा थांबला नाही. लोकांना हे खरं वाटत नाही. मला स्वतःलाही आता कधी कधी वाटत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

मोठेबाबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उंच, किंचित पुढे वाकलेले. वर्षानुवर्षं तिकिटाचा पंच दाबून उजव्या अंगठ्याला पडलेला घट्टा निवृत्तीनंतरही गेला नव्हता. घर रस्त्याच्या कडेला लांबट होतं. पुढच्या भागात ते आणि त्यांची बायको, माझ्या मोठ्याआई, राहायचे. मागच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला भाड्याने दिल्या होत्या. त्या खोल्या मिळाल्या तेव्हा मी तिसरीत होते. त्याआधी बाबांनी महिनाभर गावात खोली शोधली होती. ठिकठिकाणी बोलणं चांगलं सुरू व्हायचं, मग आडनाव विचारलं जायचं, आणि मग खोली नुकतीच कोणाला तरी दिलेली निघायची. मोठेबाबांनी फक्त विचारलं, "नोकरी कोणती?" बाबा म्हणाले, "पोस्टात." ते म्हणाले, "मग टपाल पहिले मले देत जा," आणि किल्ली दिली.

मी बारावीला असताना मोठ्याआई गेल्या. मुलगी एकच, तिला तुमसरला दिलेली. तिचे यजमान तिथल्या धानाच्या बाजारात दलाली करायचे. मोठेबाबा पुढच्या तीन खोल्यांत एकटे राहिले. त्याच सुमारास बाबांच्या बदलीची चर्चा सुरू झाली. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काहीच वर्षं झाली होती, पत्त्यांचा घोळ अजून संपला नव्हता. पलीकडच्या गावांची पत्रं 'जि. भंडारा' लिहून यायची आणि बाबा ती वेगळी काढून ठेवायचे. आपल्यालाही कुठे पलीकडे टाकतील, असं बाबा एकदा ओट्यावर बोलून गेले. मोठेबाबांनी ते मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "बाई, ह्या दोन खोल्या तुम्ही विकतच घेऊन टाका. बदली झाली तं डाकबाबू एकटा जाईन. घर राहीन."

आईला आधी चेष्टा वाटली. बाबांना वाटली नाही. ते त्या दिवशी सायकल घेऊन बीटावर, टपाल वाटायला, निघाले आणि पत्रांची पिशवी घरीच विसरले.

आठवड्याभरात इसारपत्र, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन विक्रीचा लेखी करार, झालं. तहसील कचेरीसमोर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाने ते स्टॅम्प पेपरवर लिहिलं. मागच्या दोन खोल्या, अंगणाचा मागचा भाग, इसार मिळाला, मोजणी होऊन हिस्सा वेगळा निघाल्यापासून तीन महिन्यांत विक्रीपत्र नोंदवून देईन, उरलेली रक्कम त्या वेळी घेईन. दोन साक्षीदारांच्या सह्या. मोठेबाबांनी सही करण्याआधी पूर्ण कागद मोठ्याने वाचून दाखवला, कंडक्टर पाटीवरची गावं वाचतो तसा, एकाही शब्दावर न थांबता. मग सगळ्यांना चहा पाजला, आणि चहाचे पैसे बाबांना देऊ दिले नाहीत.

मोजणीचा नंबर लागायला दीड वर्ष गेलं. या दीड वर्षात बाबांनी घर आपलंच समजून छपरावरचे कवेलू उतरवून टिन टाकले, मागे न्हाणीघर बांधलं. मोठेबाबा खुर्ची टाकून गवंड्याला सूचना द्यायचे. याच काळात हायवे रुंद होणार हे नक्की झालं. साकोलीत रस्त्याकडेच्या जागेचे भाव असे चढले, की आदल्या महिन्यात बोललेला भाव पुढच्या महिन्यात कोणी तोंडातून काढायला तयार नसे. नागपूरहून गाड्या यायच्या. एका रविवारी तुमसरहून जावई आले, फितीने पुढून मागून घर मोजलं, आमच्या न्हाणीघरापाशी येऊन फीत गुंडाळली आणि आमच्याशी न बोलता निघून गेले.

त्यानंतर मोठेबाबा आमच्या ओट्यावर यायचे कमी झाले. मोजणी झाली, दगड गाडले गेले, हिस्सा कागदावर वेगळा निघाला. बाबांनी विचारलं, "भाऊ, रजिस्ट्री कधी करायची?" मोठेबाबा म्हणाले, "पुढच्या महिन्यात पाहू." पुढच्या महिन्यात पुन्हा पुढचा महिना. तिसऱ्या महिन्यात जावई आले, आमच्याकडे खुर्चीवर बसले आणि सांगितलं, "अख्खं घर एकत्र घ्यायले गिऱ्हाईक तयार हाय. अर्धं विकलं तं पुढच्याले कोनी विचारत नाही. तुम्ही आपला इसार वापस घ्या. वरून काही देऊ."

बाबा म्हणाले, "मले पैसे नाही पायजे. घर पायजे."

"अजी, त्या पैशात दुसरं घेता येते तुम्हाले."

"दुसरं कुठं?" बाबांनी विचारलं. जावयांनी चारपाच भागांची नावं घेतली. बाबांनी मान हलवून सगळी ऐकली. त्यातल्या तीन ठिकाणी ते पूर्वी खोली मागून आले होते.

मोठेबाबा त्या दिवशी पुढच्या खोलीत दार लोटून बसले होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "बाई, मले काही विचारू नको."

बाबा भंडाऱ्याच्या एका वकीलबाईंकडे गेले. मी तेव्हा साकोलीहून बसने ये-जा करत भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होते, म्हणून सोबत मी. वकीलबाई साठीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं तुटक. त्यांनी इसारपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. इसार परत आणि वर नुकसानभरपाई मागा, लवकर संपेल. नाहीतर विक्रीपत्रच करून द्या, असा दावा लावा. त्याला वेळ लागेल."

"घर मिळते का त्याच्यात?" बाबांनी विचारलं.

"मिळू शकतं. सौदा तांदळाचा असता तर कोर्ट म्हणालं असतं, दुसरीकडून घ्या, फरकाचे पैसे घ्या. घराचं, जमिनीचं तसं नसतं. एका घराच्या बदल्यात दुसरं घर म्हणजे तेच घर नव्हे, हे कायद्यालाही कळतं. पण एक गोष्ट दाखवावी लागेल. तुम्ही तुमच्या बाजूने सगळं करायला तयार होता आणि आजही आहात. नुसतं तोंडाने नाही."

आधी नोटीस पाठवायची ठरली. अमुक दिवशी साकोलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात या आणि विक्रीपत्र करून द्या, अशी. वकीलबाईंनी ती रजिस्टर पोस्टाने टाकली, आणि दोन दिवसांनी सकाळी पत्रं लावताना ती बाबांच्याच हातात आली. मोठेबाबांची गल्ली बाबांच्याच बीटात होती.

बाबा पाकीट घेऊन पोस्टमास्तरांकडे गेले. "साहेब, हे मी नाही देऊ शकत. पाठवणारा मीच हाय."

पोस्टमास्तर हसायला लागले, मग बाबांचा चेहरा पाहून थांबले. पाकीट दुसऱ्या पोस्टमनकडे दिलं. तो मोठेबाबांच्या दारात गेला तर त्यांनी विचारलं, "माझी टपाल डाकबाबू आणते. आज तुम्ही काहून?"

"त्याचीच नोटीस हाय, काका."

"मग त्यालेच आणू दे," म्हणून त्यांनी सही करायला नकार दिला. त्याने पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिलं आणि परत नेलं.

संध्याकाळी मोठेबाबा कितीतरी दिवसांनी आमच्या ओट्यावर आले. बसले. "डाकबाबू," ते म्हणाले, "त्या पाकिटात का लिहलं होतं?"

बाबांकडे नोटिशीची प्रत होती. आई आत भात वेळत होती, ती हातातलं काम सोडून दारात आली. बाबांनी चष्मा लावला आणि जिच्यात मोठेबाबांनी कराराचा भंग केला असं लिहिलं होतं ती नोटीस मोठेबाबांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. मोठेबाबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बरं लिहलं हाय. खोटं काही नाही त्याच्यात." आणि उठून घरी गेले.

नंतर वकीलबाईंनी सांगितलं की नोटीस घ्यायला नकार दिला तरी कायद्याने ती मिळालीच समजतात. बाबा म्हणाले, "मिळालीच हाय मॅडम. मीच वाचून दाखवली."

नोटिशीतल्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बँकेचा ड्राफ्ट खिशात ठेवून निबंधक कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसले. दुपारी मी आणि आई डबा घेऊन गेलो. लोक येत होते, अंगठे लावत होते, फोटो काढून घेत होते. तिथल्या बाबूलोकांना गोष्ट कळली होती. त्यांच्यातला एक जण मधूनमधून बाबांना चहा विचारायचा. पाच वाजता कार्यालय बंद झालं. बाबांनी हजर असल्याबद्दल अर्ज देऊन पोच घेतली आणि आम्ही तिघं पायी घरी आलो. मोठेबाबा पुढे खुर्ची टाकून बसले होते. बाबांकडे न पाहता म्हणाले, "दिवसभर बसले तिथं. जेवले तरी का?"

"जेवलो," बाबा म्हणाले.

मग दावा लागला. पहिल्याच महिन्यात कोर्टाने मनाई हुकूम दिला, निकाल लागेपर्यंत मागचा हिस्सा दुसऱ्या कोणाला विकायचा नाही. गिऱ्हाईक निघून गेलं. जावई चिडले. आमची वीज तोडा, विहीर बंद करा, असं त्यांनी मोठेबाबांना सांगितल्याचं आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मोठेबाबांनी वीज तोडली नाही. विहिरीवरचा दोर जुना झाला होता, तो मात्र त्याच आठवड्यात त्यांनी नवा आणला.

तारखा पडायला लागल्या. तारखेच्या दिवशी बाबा एक रजा टाकायचे. सकाळची बस साकोलीहून भंडाऱ्याला एकच सोयीची होती, तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघं तीच पकडायचे. मोठेबाबा स्टँडवर आधी जायचे. कंडक्टर त्यांना ओळखायचे, दार उघडायच्या आधी आत घ्यायचे, आणि ते तीन जागा धरून ठेवायचे, एक स्वतःला, एक बाबांना, एक मला. लाखनीला बस थांबली की खाली उतरून भजी आणायचे. भंडाऱ्याला उतरल्यावर आम्ही तिघं सोबत चालत जायचो. कोर्टाचं फाटक दिसायला लागलं की मोठेबाबा थांबायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही पुढे व्हा." कारण फाटकापाशी तुमसरहून आलेले जावई उभे असत. आम्ही पुढे व्हायचो. पाच मिनिटांनी ते यायचे, आणि आत गेल्यावर आमच्याकडे अनोळखी माणसासारखे पाहायचे. हे त्यांना फारसं जमत नसे. एकदा पुकाऱ्याची वाट पाहताना बाबांना ठसका लागला तर समोरच्या बाकावरून त्यांनीच पाण्याची बाटली पुढे केली. त्यांच्या वकिलांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या पावसाळ्यात मोठेबाबांना ताप आला, सांधे धरले, चार पावलं टाकता येईनात. आई सकाळ-संध्याकाळ पेज नेऊन द्यायची, बाबा त्यांना आंघोळ घालायचे. मुलीला तिकडून यायला मोकळीक नव्हती. ती शेजारच्या दुकानात फोन करायची आणि मी जाऊन कसं आहे ते सांगायची. तारखेला मोठेबाबा गैरहजर राहिले. वकीलबाईंनी विचारलं, "ते खरंच आजारी आहेत की वेळ काढतायत?"

बाबा म्हणाले, "खरंच आजारी हाय मॅडम. आज सकाळी मीच आंघोळ घातली."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही ज्याच्यावर दावा लावलाय त्याला आंघोळ घालता?"

"दुसरं कोनी नाही ना घरी," बाबा म्हणाले.

तिसऱ्या वर्षी साक्षी सुरू झाल्या. बाबा पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा मी मागच्या बाकावर होते. मोठेबाबांच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला इसार आणि वर जादा रक्कम देऊ केली होती, खरं ना?"

"खरं हाय."

"तरी तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे वाढलेल्या भावाचा फायदा तुम्हालाच पाहिजे होता."

बाबा म्हणाले, "साहेब, मी ह्या गावात खोली पाहाले निघालो तं लोकं पहिले आडनाव विचारत होते. ह्या माणसानं विचारलं नाही. म्हून मले हेच घर पायजे. विकाले नाही, राहाले पायजे."

वकील म्हणाले, याचा दाव्याशी संबंध नाही. न्यायाधीश म्हणाले, "प्रश्न तुम्हीच विचारलात. मी लिहून घेतो."

मग मोठेबाबांची पाळी. त्यांच्या लेखी जबाबात दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही जावयांनी घातल्या होत्या हे आम्हाला ठाऊक होतं. एक, तो कागद सौद्याचा नव्हताच, बाबांकडून घेतलेल्या उसन्या रकमेपोटी नुसता तारण म्हणून लिहून दिला होता. दुसरी, कागद न वाचताच सही केली. त्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी बसमध्ये जागा धरली होती, पण भजी आणली नव्हती. खिडकीबाहेर पाहत बसले होते.

वकीलबाईंनी इसारपत्र त्यांच्या हातात दिलं. "ही सही तुमची आहे?"

मोठेबाबांनी कागद दूर धरून पाहिला. जावई पहिल्या बाकावर होते.

"माझी हाय."

"कागद वाचून सही केली का?"

"वाचला. मोठ्यानं वाचला. अर्जनवीसबी ऐकत होता."

"तुम्ही यांच्याकडून उसने पैसे घेतले होते?"

मोठेबाबांनी बाबांकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या खोलीत ओळखीच्या नजरेने पाहिलं. "डाकबाबूपासून मी उसने कायले घेऊ, मॅडम? त्याले तीन माणसं पोसाची होती. माझी पेन्शन हाय."

कोणीतरी हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग विक्रीपत्र का करून देत नाही?"

मोठेबाबांनी पिंजऱ्याचा कठडा धरला होता. अंगठा कठड्यावर दाबत होते, उचलत होते. "माझी पोरगी तिकडे हाय," ते म्हणाले. "तिले तिकडेच राहाचं हाय."

एवढंच बोलले. वकीलबाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. परतीच्या बसमध्ये ते आमच्यासोबत नव्हते. जावई त्यांना गाडीत घालून घेऊन गेले. चार दिवस तुमसरला ठेवलं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. आईने विचारलं, "भाऊजी, काही बोलले का ते?" ते म्हणाले, "बोलले नाही. कोनीच बोललं नाही, चार दिवस."

निकाल आमच्या बाजूने लागला. प्रतिवादीने दोन महिन्यांत विक्रीपत्र नोंदवून द्यावं, वादीने उरलेली रक्कम कोर्टात भरावी. न दिल्यास कोर्टामार्फत करून घ्यावं. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून काढून रक्कम भरली. अपील करायचं की नाही यावर तुमसरला काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण अपील झालं नाही. बाबा मोठेबाबांच्या दारात गेले आणि विचारलं, "भाऊ, मग कधी जायचं?"

मोठेबाबांनी त्यांना आत बोलावलं. मीही मागे गेले. ते म्हणाले, "डाकबाबू, मी येणार नाही."

बाबा समोरच्या खुर्चीवर बसले.

"मी सही केली तं जावई म्हनन, तुम्ही आपल्या हातानं दिलं. पोरीले जलमभर ऐकाव लागन. तुम्ही कोर्टाकून करून घ्या. कोर्टानं केलं तं मी काय करनार? माझा हात नाही त्याच्यात. समजलं का?"

"त्याच्यासाठी मले परत तुमच्यावर अर्ज लावा लागन," बाबा म्हणाले. "दरखास्त. लोकं म्हनतीन, निकाल लागला तरी हा माणूस म्हाताऱ्याले सोडत नाही."

"म्हनू द्या. तुमाले म्हनतीन. तिले नाही म्हनणार."

बाबा घरी येऊन खूप वेळ बसून राहिले. दावा लावताना त्यांना जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं हे गेलं. आई म्हणाली, "ते स्वतःच मागून राहिले तं द्या ना." दुसऱ्या दिवशी बाबा भंडाऱ्याला गेले आणि मोठेबाबांच्या सांगण्यावरून मोठेबाबांवर दरखास्त लावली. वकीलबाईंना त्यांनी खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मी ऐकलं नाही," आणि अर्ज स्वतः टाइप करायला बसल्या.

कायद्याप्रमाणे विक्रीपत्राचा मसुदा कोर्टाकडून मोठेबाबांना आला. हरकत असेल तर मुदतीत कळवा. ते कागद घेऊन संध्याकाळी आमच्या अंगणात आले. बाबांना म्हणाले, "डाकबाबू, हे चूक हाय. चतुःसीमेत उत्तरेले नाली लिहली. नाली पूर्वेले हाय. हे असंच राहिलं तं उद्या कोनीबी तुमच्याशी भांडन."

बाबांनी मसुदा पाहिला. चूक खरी होती. पण त्यांना दुसरीही एक दिसली. मोजणीत विहीर आमच्या हिश्शात आली होती, आणि मोठेबाबांना पाणी भरायचा हक्क राहील असं कुठेही लिहिलं नव्हतं. "भाऊ, तुमची विहीर सुटली का हो ह्याच्यात?" बाबांनी विचारलं.

"मले दिसलं होतं," मोठेबाबा म्हणाले.

"मग बोलले काहून नाही?"

"मी हरकत कशी घेऊ? मी तं काहीच करून नाही राहिलो."

बाबांनी स्वतः अर्ज देऊन दोन्ही दुरुस्त्या करून घेतल्या. पुढच्या घराच्या मालकास व त्याच्या वारसांस विहिरीचं पाणी घेण्याचा हक्क कायम राहील, हे वाक्य आमच्या विक्रीपत्रात आहे.

रजिस्ट्रीच्या दिवशी कोर्टाने नेमलेला एक कर्मचारी भंडाऱ्याहून आला. त्याने प्रतिवादीतर्फे म्हणून मोठेबाबांच्या नावापुढे स्वतःची सही केली. त्याला ते रोजचं काम होतं; सही करता करता तो बाबांना साकोलीत जेवण कुठे चांगलं मिळतं ते विचारत होता. बाबांनी त्याला घरीच आणलं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा मोठेबाबाही बसले. आईने ओळख करून दिली नाही. तो कर्मचारी त्यांना म्हणाला, "आजोबा, तुम्ही यांचे कोण?" मोठेबाबा भात कालवत म्हणाले, "शेजारी."

त्यांच्या जावयांनी वर्षभर साकोलीला पाय ठेवला नाही. पुढच्या दिवाळीला मुलगी आली, एकटी, तुमसरच्या बसने. मी तिला लहानपणापासून ताई म्हणायची. ती विहिरीवर आली, घागर बाजूला ठेवून उभी राहिली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबानं सही नाही केली ना गं?"

"नाही ताई. कोर्टानं केली."

"मी तेच सांगते तिकडे," ती म्हणाली. मग पाणी शेंदायला लागली, आणि दोर ओढता ओढता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या हातातून दोर घेतला. आम्ही दोघींनी मिळून घागर काढली. तिला सगळं माहीत होतं. तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही.

ती तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी जावई तिला न्यायला आले. पुढच्या घरात थोडं बसले, मग बाबांनी बोलावलं म्हणून मागेही आले. खुर्चीवर बसून त्यांनी यंदाच्या धानाचं सांगितलं, तुडतुड्याने किती नुकसान केलं ते सांगितलं. बाबांनी विचारलं, आवक कशी आहे. ते म्हणाले, बरी आहे. घराविषयी कोणी काही बोललं नाही. चहा झाल्यावर ते उठले. आईने ताईसाठी लाखोळीच्या डाळीची पिशवी बांधून ठेवली होती, चांगली जड. ताई ती उचलायला वाकली, तर जावयांनी तिच्या हातातून घेतली आणि स्टँडपर्यंत स्वतःच नेली.